हातचं पाणी

कोंडीबा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालायचा, नारळ उभा राहिला की म्हणायचा, "इथं खांदा." पाणी लागायचंच. शिरड शहापूरच्या निम्म्या विहिरींची जागा त्यानंच दाखवलेली.

शहाण्णव साली पुनम टायफॉइडनं मरणाला टेकली होती. त्याच्या सहा महिने आधी तिनं कोंडीबाशी तोडलं होतं, कारण ती कॉलेजला निघाली की तो रोज एसटीच्या मागच्या सीटवर येऊन बसायचा. डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा कोंडीबानं तिला ओंजळीनं पाणी पाजलं आणि ती जगली. पण त्या दिवसापासून त्याच्या हातचं सोडून कुठल्याच पाण्यानं तिची तहान भागेना.

बी.एस्सी. झालेल्या पुनमचा यावर विश्वास बसला नाही. तिनं शेजारणीकडून सात सारखे ग्लास भरून घेतले, त्यातल्या एकातच कोंडीबाच्या हातचं पाणी, आणि डोळे मिटून प्यायली. दर वेळी त्याच ग्लासाला तहान थांबली. पुढं लग्न होऊन ती हिंगोलीला गेली, तसा दर सोमवारी कोंडीबानं भरलेला कॅन एसटीनं येऊ लागला. नवरा, शिवशंकर, तो डेपोतून मुकाट्यानं आणायचा.

आता तिचं आठ महिन्यांचं लेकरूही नळाचं पाणी थुंकू लागलं, म्हणून ती त्याला घेऊन कोंडीबाच्या दारी आली होती.

"आली का हिंगोलीची राणी!" कोंडीबाची आई सखुबाई ओट्यावरून म्हणाली. "घरात दोन नळ म्हनं, अन् लेकरू तहानलेलंच!"

कोंडीबा बाहेर आला. "काहून आलीस उन्हाची? कॅन पोचला न्हाई?"

"मला ऱ्हाऊ दे. ह्याला सोड."

"कसं सोडू?"

"बांधलंस तसं."

तो खालीच बसला. "मी मंत्र म्हनलो न्हाई, पुने. तू मरून राहिली होतीस. मनात एवढंच म्हनलो, जगू दे, पन माझीच ऱ्हाऊ दे. ते सुटायला तू मला नकोशी व्हायला पाहिजेस. तीन साल झाले, रोज कोशिश करून राहिलो."

मग तिनं नकोशी व्हायचा प्रयत्न केला. "माझा तुझ्यावर कधीच जीव नव्हता."

"म्हाईत हाय."

तिनं तांब्या फेकून मारला. त्यानं कपाळाचं रक्त पुसलं, तांब्या उचलला, भरून आणला. लेकरू रडत होतं, तरी त्यानं हात पुढं केला नाही. "तू म्हनशील तवाच पाजतो."

त्याच्या तोंडावर लाज होती, खरी लाज. तिच्याखाली थोडा आनंदही होता, आणि तो काही त्याला लपवता येत नव्हता.

"पाज," ती म्हणाली.

लेकरू घटाघटा प्यायलं आणि त्याचं बोट धरून झोपलं.

"अन् तू मेलास तर?"

"म्हनून तर आता विहिरीत उतरत न्हाई."

हिंगोलीच्या गाडीत बसल्यावर पुनमच्या ध्यानात आलं, आपण मघापासून मनातल्या मनात त्याच्यासाठी औक्ष मागतोय.