मोडण्यासाठी घेतलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, काळी गिटार आहे. माझी मान आजवर अठ्ठेचाळीस वेळा मोडली आहे. कोंबडीचीसुद्धा एकदाच मोडतात. पण लगेच माझी कीव करू नका. माझ्या हातूनही एकीचं मनगट मोडलं आहे, आणि तेही मी सांगणार आहे.

कारखान्यात यंत्राने मला कापलं, रंगवलं आणि एका दिवसात खोक्यात भरलं. पुढे न्यू जर्सीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मी तीन वर्षं धूळ खात पडले होते. तिथून मला यागोदाने नेलं. यागोदा ही पोलंडच्या वूच शहरातली रॉक गायिका. गाणी स्वतः लिहायची, स्वतः गायची. तिकडे तिचं नाव झालं होतं. मग ती अमेरिकेत आली आणि न्यू जर्सी, क्लीव्हलंड, शिकागो इथल्या पोलिश लोकांच्या हॉलमधून गाऊ लागली. शंभर-दीडशे माणसं यायची, शांतपणे ऐकायची आणि घरी जायची.

तिचं एक गाणं तिच्या बापावर होतं. बाप कमरेचा पट्टा काढून आईला झोडपायचा आणि सहा वर्षांची यागोदा पलंगाखाली बसून फटके ऐकायची. क्लीव्हलंडला हे गाणं चालू असताना पहिल्या रांगेतल्या एका माणसाने शेजारच्या बाईच्या फाडकन थोबाडीत मारली. ते पाहून यागोदाचा तोल गेला. हातातली गिटार तिने दांड्याला धरून उचलली आणि स्टेजच्या कडेवर आपटली. एकदा, दोनदा, पाचदा. लाकूड फुटलं, तारा तुटून तिचा गाल फाटला. तो माणूस पळून गेला.

कोणीतरी फोनवर हे टिपलं आणि लाखो लोकांनी पाहिलं. पुढच्या कार्यक्रमाला हॉल तुडुंब भरला. लोक गाणं सोडून एकच ओरडत होते, "मोड! मोड!" यागोदाने मोडली. मग दर कार्यक्रमाला बापाचं गाणं आलं की गिटार फोडायची, असा शिरस्ताच पडला. पण सहा वर्षांच्या या आपटाआपटीत तिच्या उजव्या मनगटाचं हाड चिरलं होतं. आणखी एक जोराचा झटका बसला तर बोटं कायमची कामातून जातील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

म्हणून अलगद मोडेल अशी करून घ्यायला मला आणलं. यागोदाची एक लाल गिटार होती. ती पट्टराणी! तिला मखमलीची पेटी, तिला मऊ फडकं, सगळी गाणी तिच्यावर. बापाचं गाणं आलं की मला पुढे करायचं. मी बळीचा बकरा.

यागोदाबरोबर ड्रम वाजवणारा वितोल्ड एरवी न्यू जर्सीतल्याच एडिसन गावाजवळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा. तिथे त्याच्या शेजारी नागपूरचा गुरुनाथ बसायचा. गुरुनाथ आपल्या गॅरेजमध्ये मराठी मंडळाच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. वितोल्डने मला त्याच्याकडे नेलं. गुरुनाथने माझी मान मुळाशी करवतीने कापली आणि हलक्या गोंदाने नुसती चिकटवली. आता पहिल्याच फटक्याला मी काडकन तुटायची आणि यागोदाच्या मनगटाला काही कळायचंही नाही. मनगटाची गोष्ट मात्र वितोल्डने त्याला सांगितली नव्हती, कारण यागोदाला ती कोणालाच कळायला नको होती. गुरुनाथला वाटलं, हा सगळा देखावा आहे.

शनिवारी सांधायचं, रविवारी फोडायचं, असं माझं आयुष्य सुरू झालं. माझं कौतुक फार व्हायचं, पण तुकडे झाल्यावर. शिकागोला माझ्या एका खुंटीसाठी दोघांनी एकमेकांची नाकं फोडली. एकाचे दोन दात तिथेच पडले आणि लोक त्यांच्यावरून नाचत राहिले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं आणि वाद्यं पुजतात. गुरुनाथने पाटावर पाना, करवत, लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडली आणि शेजारी मला ठेवलं. त्याची बायको सुवर्णा हळद-कुंकू घेऊन आली.

"अहो, हिलापण ठेवलंत?"

"वाद्यच आहे ना ते. लॅपटॉप चालतो, मग ही का नाही?"

"चालेल हो. पण आज हळद-कुंकू लावायचं आणि संडेला फोडायला पाठवायचं? कसंतरीच वाटतं मला."

"शो आहे तिचा. आपल्यासाठी कॅन्सल थोडीच करणार?"

"मग मोडणार नाही अशी फिक्स करा. फार तर काय होईल, लोक बू करतील."

गुरुनाथला ते पटलं. पुजलेलं वाद्य कच्चं ठेवायला त्याचाही हात धजेना. त्याने माझ्या मानेत दोन पोलादी सळ्या घातल्या, पक्का गोंद भरला आणि दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी धड केलं होतं. मला मनगटाची गोष्ट ठाऊक होती. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? खरं सांगते, नसतं सांगितलं.

रविवारी दुपारी वॉलिंग्टन गावच्या मैदानावर पोलिश लोकांचा मेळा होता. बापाचं गाणं आलं. यागोदाने मला उचललं आणि आपटलं. मी मोडले नाही. लोक हसले. तिने दात-ओठ खाऊन, सगळं बळ लावून पुन्हा आपटलं. मी जशीच्या तशी राहिले आणि तो सगळा मार उलटा तिच्या हातात गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिचा पंजा भलत्याच दिशेला लोंबत होता, ती गुडघ्यांवर पडून किंचाळत होती, आणि लोकांना वाटलं हाही खेळच! टाळ्या वाढल्या. "आणखी! आणखी!" असा गजर झाला. शेवटी वितोल्डने ड्रम लाथेने उडवले आणि तिला उचलून नेलं.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. दोन बोटं कामातून गेली ती गेलीच. पट्टराणीही आता तिच्याने वाजणार नव्हती.

डिसेंबरात यागोदा वितोल्डबरोबर एडिसनला आली. गुरुनाथने हात जोडले. "चूक माझी आहे. मीच ती पक्की केली. मनगटाचं मला माहीत नव्हतं." मग त्याने पूजेचं सगळं सांगितलं. यागोदाने ऐकून घेतलं, डाव्या हाताने पाना उचलला आणि भिरकावला. गॅरेजची खिडकी खळकन फुटली.

सुवर्णा केरसुणी घेऊन आली आणि काचा गोळा करता करता म्हणाली, "अजून काही फोडायचं असेल तर फोड. पण मी तुझे सगळे व्हिडिओ बघितलेत. दर वेळी फोडाफोड सुरू होते आणि गाणं तिथेच थांबतं. ते पुरं कधी करणार?"

"शेवटचं कडवं कोणाला नकोय."

"मला हवंय," सुवर्णा म्हणाली.

मार्चमध्ये शिकागोला दुपारचा कार्यक्रम होता. लाल गिटार दुसऱ्या कोणीतरी वाजवली. यागोदाने मला गळ्यात अडकवलं, पण हात लावला नाही. बापाचं गाणं आलं तशी आरोळी उठली, "मोड! मोड!" तिने मान हलवून नाही म्हटलं आणि गात राहिली. पहिल्यांदा पेल्यातला बर्फ आला, मग बूट आला, मग बाटली आली. बाटली तिच्या कपाळावर फुटली. रक्त तिच्या भुवईवरून माझ्या तारांवर ठिबकत होतं. ती थांबली नाही. शेवटच्या कडव्यात बाप म्हातारा झालेला आहे, त्याचे हात थरथरतात, आणि मुलगी त्याला चमच्याने सूप भरवते. भरवताना ती त्याला म्हणते, "मी काहीही विसरलेले नाही." तोवर अर्धा हॉल रिकामा झाला होता. उरलेले उभे होते, आणि त्यांतलं कोणी ओरडलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, तुमच्यापुढे कोणी गात असेल तर त्याच्याकडून काही मोडून घेऊ नका. त्याचं गाणं आधी पुरं होऊ द्या. यागोदाला ते एक गाणं पुरं करायला सात वर्षं आणि दोन बोटं द्यावी लागली.