पहिलं माप

माझी दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालीत, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलो. ते शांतपणे म्हणाले, मीठ बंद, दिवसाला तीन कप पाणी आणि रोज सकाळी वजन. बावन्न किलोच्या वर गेलं की अंगात पाणी साठलं समजायचं आणि लगेच इंजेक्शनला यायचं, नाहीतर जीव गुदमरेल. आता आमच्या सोनई गावात माणसाचं वजन करायचं कुठे? होता तो सत्तारभाईच्या धान्याच्या दुकानातला मोठा तराजू.

सत्तारभाईने बावन्न किलो बाजरी पोत्यात भरून तोंड सुतळीने बांधलं. रोज गिऱ्हाईक यायच्या आधी एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात मी. धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मला बसवतानाही तो तेच म्हणायचा. भवानीच्या वेळी आजारी माणूस कशाला, असं लोक बोलायचे. त्याने कुणाचं ऐकलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात बाजरी बघायला मिळेना, तेव्हाही त्याने ते पोतं विकलं नाही.

माझी एकच इच्छा होती. माझ्या लेकीला, चांगुणाला, दिवस गेले होते आणि मला तिचं बाळ बघायचं होतं. पण तहान कुणाच्या बापाचं ऐकते? वैशाखात एका दुपारी रांजणातलं पाणी तांब्या-तांब्याने प्यालो. दुसऱ्या दिवशी माझं पारडं खाली गेलं. धोतर ओलं आहे, अशी थाप मारली. धोतर ठणठणीत कोरडं होतं.

"मला फसवशील, गहिनीभाऊ," सत्तारभाई म्हणाला. "पर चांगुणाच्या लेकराला मी काय सांगू? तुजा आजा पान्यापायी गेला म्हनून?"

दुकानाच्या फळ्या लावून त्याने मला टेम्पोत घातलं. रस्त्यातच दम लागला. नगरला वेळेत पोचलो म्हणून वाचलो.

पुढे माझं मांस झडत गेलं. डॉक्टर वजनाची हद्द खाली आणत, आणि सत्तारभाई पोत्यातली तेवढी बाजरी काढून वेगळ्या पिशवीत बांधून ठेवी. कशाला, ते मी विचारलं नाही.

परवा सकाळी चांगुणा सव्वा महिन्याची लेक घेऊन दुकानात आली. सत्तारभाईने ती पिशवी एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात माझ्या नातीला. दोन्ही पारडी बरोबरीला येऊन थांबली.

"लाभ," तो म्हणाला.

त्या दिवशी पहिलं माप माझं नव्हतं. मी दुसरा बसलो, आणि जन्मात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.