आईने धुतलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक म्हातारा हातमोजा आहे. पण थंडीत घालतात तसला नव्हे. आमच्या सान पेद्रोत थंडी आहेच कुठे! बेसबॉलचा उडालेला चेंडू झेलायचा, हे माझं काम. जन्माने मी बैलाचं कातडं, त्यामुळे थोडा हट्टी.

माझा मालक एलादिओ. मैदानाच्या पार मागे, भिंतीपाशी उभा राहून, झेल घेऊन तो पोट भरायचा आणि मी त्याच्या डाव्या हातावर. एकदा चेंडू एवढा उंच गेला, की तो खाली येईपर्यंत प्रेक्षकांतल्या एका जोडप्याचं लग्न ठरलं. खोटं वाटत असेल तर त्यांच्या मुलांना विचारा! असले चेंडूही एलादिओ एकाच हाताने, ऐटीत झेलायचा. लोक टोप्या उडवायचे.

पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले. लागोपाठ झेल सुटले. प्रशिक्षक रेमिहिओ म्हणाला, "उद्या आणखी एक सोडलास, की घरी बसून कोंबड्या राख."

एलादिओच्या आईच्या मते दोष माझ्या वासाचा होता. "शी! उंदीर मेलाय की काय यात? चेंडू लांब पळेल नाहीतर काय!" सामन्याच्या दिवशी सकाळी तिने मला साबणाने खसाखसा घासलं आणि भर उन्हात तारेवर टांगलं. दुपारी एलादिओने पाहिलं, तर मी खारवलेल्या माशासारखा कडक.

"अगं आई, कातडं आहे ते, चड्डी नव्हे!"

"चड्डीलासुद्धा एवढा वास नसतो मेल्या!" तोंडाने ती भांडत होती, पण डोळे भरून आले होते. तळणीतली डुकराची चरबी घेऊन ती मला चोळत बसली. मी थोडा नरमलो, पण चेंडूभोवती मिटता येईना.

"दुसरा घाल ना रे," ती म्हणाली.

"परक्या मोज्यात हात आंधळा होतो, आई."

संध्याकाळी सामन्याच्या शेवटच्या डावात चेंडू भिंतीकडे निघाला. एलादिओ गुडघ्यांना शिव्या देत धावला, त्याने उडी मारली. चेंडू माझ्या तळव्यावर आदळला. मी जीव तोडून मिटायला गेलो, जमेना! चेंडू निसटलाच होता, तेवढ्यात एलादिओचा उजवा हात वरून झाकणासारखा येऊन बसला. चेंडू आत!

"काय म्हाताऱ्या," रेमिहिओ हसला, "दोन हात आहेत हे आज कळलं होय?"

"आईने शिकवलं."

"मग उद्याही दोन्ही घेऊन ये."

तो उद्या पुढे चार हंगाम चालला. ऐट गेली, झेल राहिले.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूचा घाम पुसा, तिला तेलाचं बोट लावा, सावलीत टेकू द्या. चूक झालीच तर टाकून देऊ नका, चोळत राहा. माझंच पाहा ना. आजही दर रविवारी आई मला मांडीवर घेते, चरबी चोळते आणि माझ्यावर ऊन पडू नये म्हणून उन्हाकडे पाठ करून बसते.