सहावा ओरखडा

मी इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावचा एक अकॉर्डियन. याच गावात जन्मलो, दुरुस्तीलाही इथेच येतो. पोटात साडेचारशे पोलादी पत्त्या आहेत. भाता हलला की त्या थरथरतात आणि माणसं नाचायला लागतात. माझा मालक सेत्तिमियो एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, लग्नाकार्यात मला वाजवतो. त्या रविवारी त्याच्या स्वतःच्याच लेकीचं लग्न होतं आणि माझे सूर उतरले होते.

मला सुरात लावायची ती नाझारेना. छत्तीस वर्षं तिच्या हातात कानस. यंदा तिच्या बाकाशेजारी यंत्र आलं. ते पत्तीवर हवा फुंकतं, सूर मोजतं आणि जास्तीचं पोलाद लेझरने खरवडतं.

शुक्रवारी सकाळी कारखान्याचा मालक दुइलियो तिला म्हणाला, "आज यंत्राने हा एकट्याने पूर्ण केला, तर सोमवारपासून तुम्ही येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण इलाज नाही."

"तुझ्या बापाने निदान जेवण झाल्यावर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

खोटं कशाला बोलू? पत्त्यांच्या पहिल्या दोन ओळी यंत्राने तिच्याइतक्याच चोख लावल्या, त्याही तासाभरात. ती कान देऊन ऐकत होती. तिला चूक सापडेना. मला तिचा चेहरा बघवेना.

तिसऱ्या ओळीत एका पत्तीचा सूर कमी भरला. तो चढवायला यंत्राने तिचं टोक खरवडलं. तरी कमी. पुन्हा खरवडलं. गेलेलं पोलाद परत चढत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

"थांबव ते," नाझारेना म्हणाली.

"मोजतंय की नीट."

"मोजतंय नीटच. पत्तीचा दोष नाही. ती ज्या मेणात बसवलीय ते खालून सुटलंय, हवा गळतेय. ऐकू येत नाही तुला?"

दुइलियोने कान जवळ नेला. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. बटणापाशी त्याचं बोट घुटमळलं, तेवढ्यात सहावा ओरखडा निघाला आणि पत्ती तुटली.

नाझारेनाने नवी पत्ती घासून बसवली, ताजं मेण ओतलं. मग उरलेल्या प्रत्येक पत्तीखालचं मेण तिने तपासलं आणि मगच यंत्र लावू दिलं.

रविवारी मी वाजलो. सेत्तिमियो वाजवता वाजवता रडत होता.

दुइलियोने तिला ठेवलंय, पण फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. यंत्र रोज चालतं. तुमच्या पेटीचा एखादा सूर घरघरू लागला, तर एवढं करा: बुधवारी आणू नका. दोन दिवस कळ काढा.