दफनविधीची प्रॅक्टिकल

केझियाला मरायला सांगितलं होतं आणि ती मोठ्या हौसेने मेली. अंबरनाथच्या घरात, सोफ्यावर आडवी होऊन तिने हात छातीवर ठेवले, नाकात कापूससुद्धा स्वतःच कोंबला.

तिची सुवार्ताताई बदलापूरच्या कॉलेजात पाळक, म्हणजे चर्चमधली धर्मगुरू, व्हायचं शिकत होती. उद्या तिची दफनविधीची प्रॅक्टिकल होती. मागच्या वेळी मयत बनलेला वर्गमित्र शिंकला आणि ताई भर प्रार्थनेत फिस्सकन हसली. सरांनी बजावलं होतं, "पुन्हा हसलीस तर वर्ष गेलं म्हणून समज."

"केझे, मला हसवायचा जीव तोडून प्रयत्न कर," ताई म्हणाली.

असली परवानगी आयुष्यात पहिल्यांदाच! ताईने बायबल उघडताच केझियाने जीभ बाहेर काढली. कबरीवर माती टाकायची प्रार्थना आली तेव्हा पायाचे अंगठे नाचवले. "ए, जरा हळू टाका ना, नवीन ड्रेस आहे!" असंही ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. ताईचा चेहरा पाटीसारखा कोरा.

मग ताई मृताबद्दल चार शब्द बोलू लागली. "आपली ही बहीण फार मितभाषी होती. पहाटे उठून अभ्यास करायची. ताईच्या कपाटाला तर तिने कधी बोटही लावलं नाही."

केझिया पोट धरून सोफ्यावरून खाली गडगडली. ताईने मात्र गंभीरपणे आशीर्वाद पूर्ण केला.

"ताई, तू पास! पण कपाटाचं तुला कधी कळलं गं?"

"आमेन," ताई म्हणाली आणि हात पुढे केला. "आता कानातले माझे झुमके काढ."