जोडीला आवतण

म्हातारी माणसं नातवंडांच्या गप्पा मारतात, आम्ही मशीनच्या मारतो. जिंतूरला कालव्याच्या जुन्या यार्डासमोर एक पत्र्याचं हॉटेल होतं. रिटायर झाल्यापासून तिथं आमचं रोज सकाळी कीर्तन. तात्याराव ग्रेडरवरचा, मी भगवान स्क्रेपरवरचा, आणि सटवाजी फिटर. तात्याराव बोलायला लागला की जोडीचं बळ दरवर्षी वाढायचं. आधी तिनं मुळासकट बाभळ उपटली होती. पुढं बाभळीची चिंच झाली, चिंचेचा वड झाला. मी म्हणायचो, "अरे, अजून दोन वर्षं जगलास तर बालाघाटाचा डोंगर हलवशील."

जोडी म्हणजे आमचा दोन इंजिनांचा बुलडोझर. परदेशातून कुठल्याशा मोठ्या धरणावर आला, तिथं झिजला आणि मग आमच्या कालव्याच्या कामावर येऊन पडला. डाव्या चेनला एक इंजिन, उजव्या चेनला दुसरं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाचा गॅस वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा, ब्रेक दाबायचा, की वळलं. साहेबलोक त्याला नंबरानं ओळखायचे. आम्ही सगळे शेतातून आलेलो. एका जुवाखाली दोघं दिसल्यावर आम्ही कशाला थांबतोय? डाव्याला लाल्या म्हटलं, उजव्याला देवण्या. लाल्या सकाळी उठायला कुरकुर करायचा, देवण्या पहिल्या हाकेला तयार. दोन्ही इंजिनं एका सुरात लागली की कॅम्पातले पत्रे थरथरायचे. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

जोडी चालवायचा आसाराम. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर. घरच्या दावणीला बैल कधी नव्हता, गाडीबैल नेहमी मुकादमाचे. त्यामुळे जोडीवर त्याचा जीव जरा जास्तच. पोळ्याला जोडीला जुंपायचं नाही, हा कॅम्पचा कायदा त्यानंच घातला. त्या दिवशी मशीन धुवायचं, अंगावर गेरूचे ठिपके द्यायचे, एक्झॉस्टच्या दोन नळकांड्यांना शिंगांसारखं बेगड गुंडाळायचं. त्याची बायको पारूबाई ताट घेऊन यायची आणि ब्लेडला पुरणपोळीचा घास लावायची. साहेब हसायचे. हसेनात का, बंद मशीनवर कुणाचं काय जातं?

ऐंशी सालच्या पोळ्याला मात्र कायदा मोडला. रात्रभर पाऊस झाला आणि कालव्याचा भराव एका जागी खचला. खाली वस्ती होती. साहेबांनी पहाटे जीप पाठवली, "पोळा उद्या करा, आधी हे बुजवा." वस्तीचा प्रश्न होता, आसाराम नाही म्हणाला नाही. सटवाजीनं आदल्या दिवशीच दोन्ही ब्रेकच्या पट्ट्यांना, म्हणजे ड्रमला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांना, नवी लायनिंग ठोकली होती. मशीन फिरवून बघितलं होतं, आणि पट्टे तापले म्हणून निवायला झाकणं उघडी ठेवली होती. सकाळी अंधारात, पावसात, त्यानं खालून हात घालून पट्ट्यांचे नट आवळले, झाकणं बसवली आणि जोडी सोडली. भराव सरळ समोर होता, वाटेत ब्रेक दाबायची वेळच आली नाही.

भरावावर आसारामनं मातीचा ढीग कडेपर्यंत लोटला. गॅस सोडला, दोन्ही ब्रेक दाबले. जोडी थांबली नाही. मी मागं उभा होतो. आसाराम ओरडला, "सटवा, ब्रेक लागंना!" तेवढंच. मशीन पुढं गेलं, खचलेल्या जागेत उलटं झालं आणि आसाराम खाली राहिला. त्याला काढायला दुपार झाली. पारूबाई पुरणाच्या हातानं धावत आली होती.

सरकारनं काय लिहायचं ते लिहिलं. पारूबाईनं मात्र आसारामची शेवटची हाक ऐकणाऱ्यांकडून ऐकली होती. तिच्यापुरता निकाल लागला. सटवाजीनं ब्रेक नीट केला नाही.

आणि सटवाजी? त्याचा निकालच लागत नव्हता. "भगवान, नट आवळलेलेच व्हते. तू बी बघितलेस." बघितले होते. मशीन सरळ केल्यावर मी स्वतः पाना लावून बघितले, दोन्ही घट्ट. पण आत सगळं डिझेल आणि इंजिनचं तेल उतरून चिखल झाला होता, त्यात काय कळणार? "मंग लागला कसा न्हाई?" हा एकच प्रश्न त्यानं तेरा वर्षं चघळला. गडी चांगला फिटर होता, पण त्या दिवसापासून स्वतःच्या हातावर त्याचा भरवसा उरला नाही. हॉटेलात बसला तरी बोटं बाकाखालचा नट चाचपत राहायची. ते बघून माझं डोकं फिरायचं. एकदा मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. तो म्हणाला, "बरं," आणि बोटं तिथंच.

पारूबाई जिंतूरलाच राहिली. कापसाच्या जिनिंगवर कामाला जायची. दरवर्षी संक्रांतीला ती हॉटेलाशी यायची, मला आणि तात्यारावला तिळगूळ द्यायची आणि सटवाजीच्या समोरून सरळ निघून जायची. सटवाजीचा हात पुढं झालेला असायचा. दरवर्षी मला वाटायचं, या खुळ्यानं निदान हात तरी मागं घ्यावा. घ्यायचा नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला दोन गोष्टी एकदम झाल्या. विद्यापीठाचं नामांतर झालं, म्हणून चौकात पोलिसांची गाडी आणि एस.टी. निम्म्या बंद. आणि त्याच दिवशी यार्डात भंगारवाल्याची माणसं गॅसकटर घेऊन आली. जोडी तेरा वर्षं तिथं उभी होती. सीटमधून बोरी उगवली होती. कसायाला बैल विकणाऱ्या माणसाकडं गाव ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेनं तात्याराव यार्डाच्या फाटकाकडं बघत होता. माझा चहा तसाच निवून गेला होता.

पारूबाई आली. आधी फाटकाशी उभी राहून कटरच्या ठिणग्या बघत राहिली. मग आमच्याकडं आली. मला तिळगूळ दिला, तात्यारावला दिला, आणि सटवाजीपुढं थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. "आता जोडी बी चालली. कुणावर राग धरून बसू? तुमी काय जाणूनबुजून केलं व्हतं का? हात माणसाचाच हाय, चुकतोय. घ्या. गोड बोला."

आणि तिनं त्याच्या हातावर लाडू ठेवला.

सटवाजीला काय करावं कळेना. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं बाक पुसला, ओरडून चहा सांगितला, "वैनीला साखर जास्ती टाक रे!" लाडू तसाच तळहातावर. खाल्ला तर संपेल अशी भीती वाटत असावी. मलाही भरून आलं. म्हटलं, सुटला बिचारा एकदाचा.

पारूबाई बसली. तात्यारावनं संधी साधली आणि वडाच्या झाडाची गोष्ट सुरू केली. पारूबाई हसली. मग ती पोळ्यावर आली. "तुमी समदे तिला बैल म्हणायचाव, पण तुमाला बैलाचं काय कळतंय? बेगड लावलं का झाला पोळा! खांदमळणी कोण करणार?"

"मशीनची खांदमळणी?" तात्याराव म्हणाला.

"माझ्या बापाच्या घरी एकच जोडी व्हती. पोळ्याच्या आदल्या दिशी सांजच्याला खांद्याला लोणी-हळद चोळल्याबिगर बाप जेवत नव्हता. मी दरसाली यांना म्हणायची, आपल्या जोडीची बी करा. तर हे हसायचे, मशीनला कुठला आलाय खांदा म्हणायचे. त्या साली मीच केली. हे गावात गेले व्हते. मी वाटीभर लोणी घेतलं, हळद कालवली अन् वर चढले. सीटच्या मागं दोन्ही अंगाला झाकणं उघडी व्हती. आत गोल, गुळगुळीत, ऐन बैलाच्या खांद्यावानी. हात लावला तर ऊन लागलं, जित्या जनावरावानी. दोन्ही खांद्यांना चांगलं रगडून रगडून चोळलं. कानात म्हणतेत तसं म्हणलं बी, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ती पदरानं डोळे टिपत हसली. "यांना सांगणार व्हते पोळ्याच्या दिशी, ताट घिऊन आल्यावर. ऱ्हाऊनच गेलं."

तात्यारावचं तोंड उघडं राहिलं. माझ्या हातातला ग्लास मी कधी ठेवला मला आठवत नाही. ब्रेकच्या ड्रमला लोणी! नव्या लायनिंगवर, वाटीभर, रगडून रगडून. नट काय, देव जरी आवळायला बसला असता तरी तो ब्रेक लागला नसता.

मी सटवाजीकडं पाहिलं. त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्याचा चेहरा असा काही सैल पडला होता, की क्षणभर वाटलं हा आता रडणार. तेरा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर समोर बसून चहाची वाट बघत होतं.

"लोणी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "ब्रेकच्या ड्रमला?"

पारूबाईचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, तात्यारावकडं पाहिलं. आम्ही दोघंही नजर चुकवायला लागलो, आणि तिथंच घात झाला. बाई खुळी नव्हती.

"का?" ती म्हणाली. "लोण्यानं काय व्हतंय?"

पलीकडं कटर फरफरत होता. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "भगवान भाऊजी, सांगा की. ब्रेक लागला न्हाई म्हणलेत ते... माझ्या लोण्यानं तर न्हाई ना?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. मला त्या क्षणी त्या बाईपेक्षा सटवाजीची दया जास्त आली होती. तेरा वर्षं ज्यानं बिनगुन्ह्याचा मार खाल्ला, त्याच्यासाठी कुणी तरी तोंड उघडायला नको? पण बाकाखाली त्याचा पाय माझ्या पायावर आला आणि त्यानं सगळा भार दिला.

"लोण्यानं काय व्हतंय वैनी," सटवाजी म्हणाला. "लोखंडाला लोणी काय न् पाणी काय. सकाळी मशीन सुरू झालं की जळून गेलं असंल."

"मंग?"

"नट ढिला व्हता."

"ते तर मला ठावं हाय. पण..."

"तुमाला समदं ठावं न्हाई." त्यानं मान वर केली. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, एकेक शब्द पुढं ढकलत होता. "मला कळलं व्हतं ढिला हाय म्हणून. त्या सकाळीच कळलं व्हतं. पाऊस लय व्हता. पोळ्याला गावाकडं जायचं व्हतं. म्हणलं, येऊन आवळू. झाकण लावलं अन् सोडली."

पारूबाई त्याच्याकडं बघत राहिली. इतका वेळ तिच्या डोळ्यांत जी शंका होती ती गेली. तिच्या जागी जे आलं ते तिच्या ओळखीचं होतं, तेरा वर्षांचं. मला वाटतं, तिला ते परत मिळाल्याचं बरंच वाटलं.

"जाणूनबुजून," ती म्हणाली.

"व्हय."

ती उठली. चहा आला होता, त्याला तिनं हात लावला नाही. सटवाजीच्या तळहातावरचा लाडू तिनं उचलून घेतला, पदरात बांधला आणि चौकाकडं चालायला लागली. हॉटेलवाला "मावशी, चहा" म्हणत राहिला. तिनं मागं पाहिलं नाही.

तात्याराव तोंडाला टॉवेल लावून बसला होता. माझा राग मात्र मस्तकात गेला. "मूर्खा," मी म्हणालो, "निदान नुसतं ढिला व्हता म्हणून थांबायचंस. वरचं कशाला बोललास?"

"थांबलो असतो तर ती घरी जाऊन इचार करत बसली असती," तो म्हणाला. "एकदा का लोण्याचा इचार डोक्यात शिरला, तर निघतोय व्हय? मी करूनच बघितलंय."

यार्डात डाव्या बाजूचं झाकण कापून खाली पडलं. सटवाजीनं तिकडं पाहिलं नाही. त्याची बोटं आज बाकाखाली गेली नव्हती.

"भगवान," तो म्हणाला, "ब्रेक मी आवळला व्हता."

"व्हय," मी म्हणालो. "आवळला व्हतास."

त्याचा हात अजून उघडाच होता. तळव्याला दोन-चार तीळ चिकटले होते. ते त्यानं जिभेनं टिपून घेतले.