कपाटातल्या बिअरचा न्याय

त्या हिवाळ्यात आमच्या घरात खरा प्रश्न एकच होता: सिग्नेच्या खोलीतलं कपाट कुणाचं? सिग्ने ही आमची लेक. तिचे कपडे सोफ्यावर, दुपटी बाथटबच्या काठावर आणि कपाटात माझ्या नवऱ्याचे बिअरने भरलेले काचेचे बुधले. आमचं घर वरच्या मजल्यावर, भाड्याचं. तळघर मालकांचं. आंबणाऱ्या बिअरला अंधार लागतो, आणि आमच्याकडे अंधार तेवढा त्या कपाटात.

शेवटी आम्ही सौदा केला. मार्चमधल्या घरगुती बिअरच्या स्पर्धेत एल्डनला पदक मिळालं तर बुधले राहतील. नाही मिळालं तर तो सगळं सामान विकेल आणि कपाट लेकीचं. तो हसत ‘ठरलं’ म्हणाला, पण नंतर बराच वेळ पातेलं घासत बसला. लग्नाच्या आधीपासून तो बिअर करतो. आमची ओळखच त्याची एक बाटली माझ्या अंगावर फुटल्यामुळे झाली होती.

सौद्यात अडचण एकच होती. त्या स्पर्धेत मी परीक्षक असते.

तशी सोय होती म्हणा. घरच्या माणसाची बिअर ज्या वर्गात असेल त्या टेबलावर बसायचं नाही, असा नियम आहे. एल्डन पोर्टर ही काळी बिअर करायला निघाला होता, म्हणून मी इमानदारीत तपकिरी बिअरचं टेबल मागून घेतलं. कुणाचं टेबल कुठलं, हे घरी सांगायची बंदी असते. मी सांगितलं नाही.

स्पर्धा भरते त्या कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या हॉलच्या, दारापर्यंत त्या दिवशी बर्फ साचला होता. निम्मे परीक्षक ड्युलुथ शहराकडून येणाऱ्या रस्त्यावर अडकून पडले. माझ्या टेबलावर जोडीला आला हॉलिस.

हॉलिस निवृत्त दंतवैद्य. समोरच्याला उत्तर देता येत नाही, याची त्याला जुनी सवय. त्याच्या नाकाला आमच्या बिअर क्लबात जो मान आहे तो अध्यक्षांनाही नाही. गेल्या वर्षी त्याने एका पेल्यात नाक घालून ‘ओला पुठ्ठा’ असं सांगितलं, आणि टेबलावरच्या तिघांनाही लगेच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. त्या पेल्यात विसळायचं पाणी होतं, हे नंतर कळलं. मान मात्र तसाच राहिला.

आधी मुकाट्याने गुण लिहायचे, मग बोलायचं, अशी शिस्त त्यासाठीच आहे. हॉलिस ती काटेकोर पाळतो. लिहिताना एक शब्द बोलत नाही. फक्त उसासे टाकतो. त्यांतला लांब उसासा म्हणजे चार गुण गेले. त्यात दोघांच्या गुणांत फार फरक पडलेला चालत नाही. बोलून जवळ आणावे लागतात. हॉलिसच्या टेबलावर ते नेहमी एकाच दिशेने जवळ येतात.

पहिल्या बिअरला त्याने लांब उसासा टाकला, आणि लिहून झाल्यावर म्हणाला, “आंबलेलं दूध.”

मी हुंगलं. होतं. दुसऱ्या बिअरमध्येही होतं. तिसरीला तो नुसताच माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. चौथीपर्यंत प्रकरण पेल्यांबाहेर गेलं होतं: सबंध जिल्ह्यात कुणी नळ्या नीट धूत नाही, नवी पिढी साबणालासुद्धा महाग झाली आहे आणि या विषयावर आपण क्लबाच्या पत्रकात लेख लिहिणार आहोत, असं त्याने मला सविस्तर सांगितलं. मीही माना डोलावल्या. कुणाला मोठं नाक असलं की आपलं लहान नाक त्याच्या मागे चालायला लागतं.

पाचवा पेला आला. मी नाकाजवळ नेला आणि थांबले. वास आमच्या घराचा होता. पिकलेलं केळं, भाजलेलं धान्य आणि कपाटाचं लाकूड. रोज दुपारी सिग्नेला त्या खोलीत झोपवताना तो वास माझ्या केसांत बसायचा. पोर्टर फिकी निघाली होती आणि नवऱ्याने ती गुपचूप तपकिरी वर्गात टाकली होती.

मी उठून लोर्नाकडे गेले. लोर्ना स्पर्धेची व्यवस्थापक. त्या दिवशी तीच बर्फही उपसत होती. मी म्हटलं, ही माझ्या नवऱ्याची बिअर आहे, मला उठव.

“कशावरून?”

“वासावरून.”

“बाटलीवर नाव आहे?”

“नंबर आहे.”

“मग तुला माहीत नाही. तुला वाटतंय,” लोर्ना म्हणाली. “नोंदवही उघडून खात्री करू म्हणतेस? म्हणजे मलाही कळेल आणि निनावीपणाच संपेल. जा बाई, बस जाग्यावर. माणसं नाहीत मला.”

म्हणून निःपक्षपातीपणाच्या हितासाठी मी माझ्याच नवऱ्याला गुण द्यायला बसले.

जास्त दिले तर ते बायकोचे होतील. कमी दिले तर कपाटाचे. पेन्सिल दोन्हीकडून ओढली जात होती. मग मनाशी म्हटलं, दोन्ही बाजूंनी सारखीच लाच मिळालेला माणूस अख्ख्या हॉलमध्ये मी एकटीच, तेव्हा माझ्याइतका तटस्थ कोणी नसेल.

तेवढ्यात हॉलिस मीठ नसलेल्या बिस्किटांची बशी घ्यायला माझ्या बाजूला झुकला आणि त्याच्या नाकपुड्या फुलल्या. “दूध. हिच्यात तर सगळ्यांहून जास्त.”

पेला त्याच्या हातात नव्हता. मी खांद्याकडे पाहिलं. निघताना सिग्नेने बाटलीभर दूध पिऊन माझ्या स्वेटरवर ढेकर दिली होती. मागच्या बाजूला पांढरा ओघळ वाळला होता.

गप्प बसले असते तर कपाट माझं होतं, तेही हॉलिसच्या सहीने. क्षणभर मला तिथे घड्या घातलेली दुपटी दिसलीसुद्धा. पण टेबलावर आणखी चार जणांचा हिवाळा पेल्यांत उभा होता.

“हॉलिस, तुम्ही माझा खांदा हुंगता का जरा?”

त्याने डोळे मिटून, पेल्यासारखाच, रीतसर हुंगला.

“तीव्र,” तो म्हणाला. “ताजं. बराच वेळ रेंगाळतं.” मग डोळे उघडले. “हे... सगळं तूच आहेस की काय?”

“माझी लेक.”

त्याने आधीचे कागद समोर ओढले. मग पहिल्या दोन बिअरमध्ये मात्र दूध स्वतंत्रपणेही होतं, असं त्याने सुचवून पाहिलं. मी खांदा पुन्हा पुढे केला. लोर्नाही तिथे आली होती. ती फावड्याला टेकून उभी होती. शेवटी त्याने खिशातून रबर काढलं. याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तो खोडताना उसासे टाकत नव्हता.

मी स्वेटर गाडीत ठेवून लोर्नाचं जाकीट घातलं आणि पाचही बिअर नव्या बाटल्यांतून पुन्हा ओतवून घेतल्या. ज्या पहिलीला जिल्ह्याच्या अस्वच्छतेचा पुरावा म्हणून त्याने बाजूला ठेवलं होतं, तिला आता सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पत्रकातला लेख तिथेच वारला.

आमच्या बिअरला दोघांनी वेगवेगळे, न बोलता गुण दिले. एकाच गुणाचा फरक पडला. हॉलिसने खाली लिहिलं: ‘हात चांगला आहे. केळं नको होतं. फार उबदार खोलीत आंबवली, म्हणून आलं.’

पदक नव्हतं. घरी जाताना मला सौदा जिंकल्याचा आनंद होईना. खोली मीच तर तापवत होते. बाळासाठी येता-जाता हीटरची चकती पुढे सरकवायची, आणि कपाटात कोण आंबतंय याचा विचारही करायचा नाही.

एल्डन सिग्नेला मांडीवर घेऊन बसला होता. मी गुणांचा कागद दिला. त्याने वाचला, खालच्या दोन सह्या पाहिल्या, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“तुझं टेबल?”

“तू वर्ग बदललास ते सांगितलं नाहीस.”

“तू टेबल सांगितलं नाहीस.” त्याने परत वाचलं. “बरोबर आहे. न्याय बरोबर झालाय.”

मी त्याला हीटरचं सांगितलं. माझ्यामुळे बिघडली, म्हटलं. सौदा मोडू या.

“तू किती सरकवायचीस, बोटभर,” तो म्हणाला. “ती खोकत होती ना, त्या आठवड्यात मी पार टोकाला नेली होती. बिअर आंबायला लागली होती नुकतीच. मला तेव्हाच कळलं, गेली.”

“मग स्पर्धेत कशाला टाकलीस?”

“परीक्षकांना कळतं का, बघायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्याने बुधले कपाटातून बाहेर काढले. मी एक तरी राहू दे म्हटलं, तर म्हणाला, केळ्याची बाग लावायची आहे का इथे. उरलेल्यांतली एक बाटली आम्ही जेवताना फोडली. मी घोट घेतला.

“केळं आहे,” मी म्हटलं.

“आहेच,” तो म्हणाला, आणि वाकून त्याने सिग्नेचा निसटलेला पायमोजा वर ओढला.